हातातला जीपीएस: जागा कळते कशी, कळवायची कशी

पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघणाऱ्या पोरांच्या तोंडून दर जुलैला एक वाक्य ऐकू येतं. "जीपीएस चालू हाय की, सॅटेलाइटला कळतंय आम्ही कुठं हाय ते." हे वाक्य साफ चुकीचं आहे. मसाई पठारावर धुकं उतरल्यावर याच समजुतीपायी माणूस अडचणीत येतो. उपग्रहाला तुमचा ठावठिकाणा माहीत नसतो. तुमच्या हातातलं यंत्र उपग्रहाकडं काहीही पाठवत नाही, ते फक्त ऐकतं. वीस हजार किलोमीटर वरून जे ऐकू येतं, त्यावरून स्वतःची जागा ते स्वतःच गणित करून काढतं. ती जागा दुसऱ्या कुणाला कळवायची असेल तर त्याला वेगळं साधन लागतं. मोबाइलचा टॉवर लागतो, रेडिओ लागतो, नाहीतर कागदावर लिहून कुणाच्या तरी हाती दिलेली चिठ्ठी.

म्हणजे ही दोन कामं आहेत आणि ती वेगवेगळ्या कारणांनी बंद पडतात. पठारावर एकही काडी नेटवर्क नसताना फोनला स्वतःची जागा चार-पाच मीटरच्या आत ठाऊक असू शकते. उलट शाहूपुरीतल्या स्लॅबच्या घरात सगळ्या काड्या भरलेल्या असूनही तोच फोन तुम्हाला शेजारच्या गल्लीत दाखवतो. कुठलं काम बंद पडलंय हे ज्याला ओळखता येतं, त्याला पुढं काय करायचं तेही सुचतं. म्हणून आधी पहिलं काम कसं होतं ते नीट बघू.

समजा, आपल्याकडच्या तीन साखर कारखान्यांनी ठरवलं की रोज दुपारी ठीक बाराला भोंगा वाजवायचा. एक बावड्याचा, एक कुडित्र्याचा, एक कागलच्या बाजूचा. तुम्ही अनोळखी शिवारात उभे आहात, चारी बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, काही दिसत नाही. हातात बरोबर चालणारं घड्याळ आहे. बावड्याचा भोंगा तुम्हाला बारा वाजून सहा सेकंदांनी ऐकू आला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे बावड्याचा कारखाना तुमच्यापासून दोन किलोमीटरच्या जरा वर. नकाशावर बावडा मध्ये धरून तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढा, तुम्ही त्या वर्तुळावर कुठंतरी आहात. कुडित्र्याच्या भोंग्याचं दुसरं वर्तुळ काढलं की दोन्ही वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. त्यातलं खरं ठिकाण कुठलं ते तिसरा भोंगा सांगतो.

आता खरी गंमत पुढं आहे. तुमचं घड्याळ एक सेकंद पुढं असेल तर काय होईल? तिन्ही अंतरं ३४० मीटरनं जास्त येतील आणि तिन्ही वर्तुळं एका ठिकाणी भेटणारच नाहीत. ती भेटत नाहीत यावरूनच घड्याळ चुकलंय हे कळतं. मग तिन्ही अंतरांतून सारखीच रक्कम कमी करत जायचं. वर्तुळं एका बिंदूत आली की थांबायचं. जागाही मिळाली आणि घड्याळ किती चुकलंय तेही. जीपीएसचं सगळं मर्म या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती, उंची किती आणि आपलं घड्याळ किती चुकलंय, अशा चार गोष्टी यंत्राला ठाऊक नसतात. चार अज्ञात गोष्टी काढायला चार उपग्रह लागतात. "तीन उपग्रह पुरतात" असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ते अर्धवट आहे. उंची आधीच माहीत असेल तरच तीन पुरतात.

भोंग्याच्या जागी रेडिओलहर धरली की आकडे एकदम बदलतात. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगानं जाते, सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि साधारण बारा तासांत एक फेरी पूर्ण करतात. तिथून निघालेली लहर आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा ते बारावा हिस्सा लागतो. या वेगात घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तर जागा ३०० मीटरनं चुकते. उपग्रहावर अणुघड्याळं असतात, हातातल्या यंत्रात साधं क्वार्ट्‌झचं घड्याळ. अणुघड्याळ खिशात बाळगणं कुणालाच परवडणारं नाही. चौथ्या उपग्रहानं ती अडचण मिटवली. जागेचं गणित सुटलं की त्याबरोबर अतिशय अचूक वेळही मिळते, म्हणून विजेचं जाळं आणि मोबाइलचे टॉवरसुद्धा आपली घड्याळं याच उपग्रहांवरून लावतात.

उपग्रहावरची घड्याळं एवढी चोख आहेत की तिथं आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा हिशेब धरावाच लागतो. उपग्रह ताशी सुमारे १४,००० किलोमीटर वेगानं धावतो, त्यामुळं त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे सात दहा लाखांश, मागं पडतं. तिथं पृथ्वीची ओढ कमी आहे, त्यामुळं ते ४५ मायक्रोसेकंद पुढं जातं. निव्वळ हिशेब ३८ मायक्रोसेकंद पुढं. वाचायला किरकोळ वाटतं, पण प्रकाशाच्या वेगानं गुणलं तर दिवसाला ११ किलोमीटरहून जास्त. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित सावकाश लावतात, वर गेल्यावर ती बरोबर चालतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला हा भाग नुसता परीक्षेपुरता आहे असं वाटणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

भोंगा कुठून वाजला ते माहीत नसेल तर वर्तुळ काढणार कुठून? म्हणून प्रत्येक उपग्रह आपण कोण, किती वाजता बोलतोय आणि कुठल्या कक्षेत आहे हे सतत सांगत असतो. जीपीएसच्या जुन्या, मूळ संदेशाचा वेग आहे सेकंदाला ५० बिट. आजच्या काळात हा वेग ऐकून विश्वास बसत नाही. एका उपग्रहाच्या कक्षेची पूर्ण माहिती दर ३० सेकंदांनी नव्यानं सुरू होते आणि एकदा घेतलेली माहिती काही तासच कामाची राहते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवून घ्यायला तर साडेबारा मिनिटं लागतात. मग फोन दोन-तीन सेकंदांत जागा कशी दाखवतो? कारण ही माहिती तो उपग्रहाकडून ऐकत बसत नाही, इंटरनेटवरून आयती घेतो. इथंच घाटमाथ्यावर फसगत होते. खूप दिवस बंद असलेलं यंत्र किंवा नेटवर्क नसलेला फोन नव्या ठिकाणी उघडला की त्याला सगळं सुरुवातीपासून ऐकावं लागतं. मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. झाडीतून चालता चालता ऐकलं तर मधेच संदेश तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मोहिमेला निघताना पन्हाळ्यावरच, नेटवर्क असताना, मोकळ्या आकाशाखाली यंत्र चालू करून पाच-दहा मिनिटं एका जागी ठेवावं. नकाशाही तिथंच उतरवून घ्यावा. जागा ठाऊक असून मागं नकाशाच नसेल तर पडद्यावर कोऱ्या पांढऱ्या चौकोनात एक निळा ठिपका, एवढंच दिसतं.

उपग्रहाचा आवाज किती क्षीण असतो याचीही कल्पना असावी. वरून निघताना ताकद काही दहा वॅटची असते. आपल्या हातापर्यंत पोचताना ती एका वॅटचा एकावर सोळा शून्यांइतका बारीक भाग उरते. आजूबाजूच्या रेडिओ खरखरीपेक्षाही कमी. मग यंत्र ऐकतं कसं? प्रत्येक उपग्रहाला शून्य आणि एकांची १,०२३ आकड्यांची स्वतःची ठरलेली माळ दिलेली आहे आणि ती तो सेकंदात हजार वेळा म्हणतो. त्या सगळ्या माळा यंत्राला आधीच पाठ असतात. आपली माळ किंचित मागंपुढं सरकवत ते खरखरीशी जुळवून बघतं. जुळली की खरखरीतून उपग्रह वर येतो, आणि किती सरकवल्यावर जुळली यावरूनच लहरीला लागलेला वेळ मिळतो. सगळे उपग्रह एकाच लहरीवर एकदम बोलत असले तरी गोंधळ होत नाही, कारण एकाची माळ दुसऱ्याशी जुळत नाही.

एवढ्या क्षीण आवाजाला काय अडवतं? लोक म्हणतात पाऊस. पाऊस आणि ढग या लहरींना जवळजवळ अडवत नाहीत. अडवते ती ओली झाडी. दाजीपूरच्या जंगलात पावसाळ्यात पानापानांवर पाण्याचा थर असतो आणि ती पानं सिग्नल खातात. भिजलेल्या उसातही तेच. शिवाय माणसाचं शरीरसुद्धा बरंचसं पाणीच. यंत्र पँटच्या खिशात घालून चालणारा माणूस अर्धं आकाश स्वतःच झाकतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, तोंड वर करून अडकवलं की फरक लगेच दिसतो.

झाडीपेक्षा कडा जास्त त्रास देतो. हातातल्या यंत्रावर उपग्रहांचं एक पान असतं, ते एकदा निवांत उघडून बघा. एक मोठं वर्तुळ, त्यात आकडे विखुरलेले. वर्तुळाचा मध्य म्हणजे तुमच्या डोक्यावरचं आकाश, कडेची रेघ म्हणजे क्षितिज. खाली उभ्या पट्ट्या, जेवढी उंच पट्टी तेवढा सिग्नल दमदार. मसाई पठारावर हे आकडे वर्तुळभर पसरलेले दिसतात. पावनखिंडीत उतरलं की कडेचे आकडे एकेक करून फिके पडतात आणि मध्यावर चार-पाच उरतात. आकड्यांनी मोजलं तर चार पुरेसे आहेत. पण ते सगळे डोक्यावरच गोळा झालेले असले की त्यांची वर्तुळं एकमेकांना फार तिरकी छेदतात, छेदण्याची जागा लांबट पसरते आणि लहान चूक मोठी होते. उपग्रह किती दिसतात यापेक्षा ते कसे विखुरलेत हे जास्त महत्त्वाचं. यंत्राच्या पडद्यावर "अचूकता ४ मीटर" ऐवजी "२५ मीटर" दिसू लागतं ते बहुधा यामुळं.

महाद्वार रोड आणि गुजरीसारख्या दाट वस्तीत आणखी एक भानगड. लहर थेट न येता समोरच्या इमारतीवर आपटून येते. लांबून आली म्हणजे वेळ जास्त लागला, म्हणजे यंत्राला वाटतं उपग्रह आहे त्यापेक्षा दूर आहे. ठिपका रस्ता सोडून वाड्यांवरून उड्या मारतो तो या परावर्तनामुळं. कड्याच्या पायथ्याशीही हे घडतं. त्याशिवाय लहर वरच्या हवेतून, विशेषतः आयनांबरातून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थरातून, येताना रेंगाळते. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, आणि या पट्ट्यात आयनांबर दुपारी आणि सूर्यास्तानंतर जास्त खवळलेलं असतं. अलीकडची चांगली यंत्रं आणि बरेच फोन दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकतात. आयनांबर दोन्ही लहरींना वेगवेगळं रेंगाळवतं, त्या फरकावरून ही चूक मोजून काढून टाकता येते. नवीन यंत्र घ्यायचं असेल तर रंगीत पडदा आणि बाकीच्या सोयींपेक्षा मी हीच गोष्ट आधी विचारीन.

"अचूकता ४ मीटर" हा आकडा म्हणजे हमी नव्हे. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचा अर्थ असा की चार मीटरच्या वर्तुळात तुम्ही असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे साधारण तीन वेळांपैकी एकदा तुम्ही त्या वर्तुळाच्या बाहेर असता. हे एवढं फोडून सांगायचं कारण बांधावरची भांडणं. फोनवरचं क्षेत्र मोजायचं ॲप घेऊन उसाच्या कडेनं फिरायचं आणि "तुझ्याकडं माझे दोन गुंठे निघतात" म्हणून भावकीत तोंड सुरू करायचं, हे आता गावोगाव चालतं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, बाजू दहा मीटर. ज्या यंत्राची चूक चार-पाच मीटर, ते गुंठ्याची अर्धी बाजू इकडं किंवा तिकडं ढकलू शकतं. खत किती लागेल, ऊसतोडीला किती दिवस जातील, एवढ्या अंदाजाला ते मोजमाप ठीक आहे. हद्द ठरवायला नाही. सरकारी मोजणीत रोव्हर नावाचं जे यंत्र वापरतात तो नुसती माळ जुळवत नाही, त्या लहरीचीच मोजदाद करतो, आणि एका लहरीची लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर असते. शिवाय ज्याची जागा पक्की ठाऊक आहे अशा कायमच्या स्टेशनकडून तो दुरुस्ती घेत राहतो. भारतीय सर्वेक्षण विभागानं अशा स्टेशनांचं जाळं उभं केलेलं आहे. त्यातून चूक काही सेंटिमीटरवर येते. आकाशातले उपग्रह तेच, ऐकण्याची रीत वेगळी.

उंचीबद्दल थोडक्यात. उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा नेहमी जास्त असते, कारण सगळे उपग्रह वर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यात आणखी एक मेख आहे. यंत्र उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या आकाराच्या ६० मीटरहून जास्त खाली आहे. बहुतेक यंत्रं हा फरक आतल्या तक्त्यावरून दुरुस्त करून दाखवतात, पण काही ॲप कच्चा आकडा दाखवतात. कोल्हापूर शहर साधारण साडेपाचशे मीटरवर असताना ॲप पाचशेच्या आत दाखवत असेल तर यंत्र बिघडलं असं समजू नये. दिशेचंही असंच. नुसत्या जीपीएसला उभ्या माणसाचं तोंड कुठं आहे ते कळत नाही, चालायला लागलात की मागच्या-पुढच्या जागांवरून कळतं. धुक्यात बाण गरगर फिरत असेल तर वीस-पंचवीस पावलं सरळ चालून बघा, अर्थात कडा कुठं आहे ते माहीत असेल तरच.

आतापर्यंत मी सगळ्याला जीपीएस म्हणत आलो, पण तो एकटा नाही. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ मध्ये ती यंत्रणा पूर्ण झाली. सामान्यांच्या सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची, ती मे २००० मध्ये थांबवली आणि एका रात्रीत शंभर मीटरची अचूकता दहा-वीस मीटरवर आली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू या यंत्रणाही आहेत आणि आजचा फोन सगळ्यांचं एकदम ऐकतो. आपल्या इस्रोची नाविक ही भारत आणि भोवतालच्या १,५०० किलोमीटर पट्ट्यापुरती आहे. तिचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, भूस्थिर आणि भूसमकालिक कक्षांत, म्हणजे ते आपल्या आकाशातून हलतच नाहीत किंवा ठराविक पट्ट्यात घुटमळतात. त्यातल्या ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या जागेतला उपग्रह कोल्हापुरातून बघितला तर बऱ्यापैकी डोक्यावर येतो. दरीत, जिथं कडेचे उपग्रह झाकले जातात, तिथं ही मांडणी फार कामाची. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पुढं अनेक उपग्रहांवरची परदेशी अणुघड्याळं निकामी झाली आणि घड्याळ गेलं की असा उपग्रह जागा काढायला निरुपयोगी. मे २०२३ मध्ये गेलेल्या उपग्रहावर आपण स्वतः बनवलेलं रुबिडियमचं अणुघड्याळ आहे. जानेवारी २०२५ मधला त्याच्या पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. हे काम पूर्ण व्हावं असं मनापासून वाटतं, कारण दुसऱ्याच्या घड्याळावर देशाचं सगळं गणित सोपवणं बरं नव्हे.

आता दुसरं काम, कळवायचं. इथं यंत्रापेक्षा माणसंच जास्त चुकतात.

जागा सांगायची म्हणजे अक्षांश आणि रेखांश हे दोन आकडे सांगायचे. पण ते लिहायच्या तीन पद्धती आहेत. अंश आणि दशांश, अंश आणि मिनिटं, किंवा अंश-मिनिटं-सेकंद. कोल्हापूर शहराचा अक्षांश १६.७० अंश. तोच मिनिटांत लिहिला तर १६ अंश ४२ मिनिटं, कारण एका अंशात ६० मिनिटं असतात. आता एकानं फोनवरून सांगितलं "सोळा, बेचाळीस" आणि दुसऱ्यानं लिहिलं १६.४२. फरक किती? ०.२८ अंश, म्हणजे सरळ रेषेत ३१ किलोमीटर. माणूस कोल्हापुरात आणि शोधणारे मुरगूड-निपाणीच्या पट्ट्यात. यंत्राची चूक चार मीटर आणि माणसाची ३१ किलोमीटर! मोहिमेतल्या सगळ्यांनी निघण्याआधी एकच पद्धत ठरवून आपापल्या यंत्राच्या सेटिंगमध्ये तीच लावून घ्यावी. दशांशाची पद्धत बोलायला सर्वात सोपी. आणि अक्षांश आधी, रेखांश नंतर. उलटं झालं तर आकडे नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात नेऊन सोडतात. ती चूक निदान लगेच कळते, ३१ किलोमीटरची कळत नाही, म्हणून तीच जास्त घातक.

दशांशानंतर किती आकडे? दोन आकड्यांना चूक किलोमीटरभर, तिनाला शंभर मीटर, चाराला दहा, पाचाला एक मीटर. पाच पुरे. ॲप सात-आठ आकडे दाखवतं, पण यंत्र स्वतः चार मीटर चुकत असताना त्यापुढचे आकडे निरर्थक, शिवाय तेवढेच जास्त आकडे ऐकताना चुकायची भीती. फोनवर सांगताना एकेक आकडा सुटा सांगावा आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्यावा.

"दादा, लिहून घ्या. सोळा पॉइंट, आठ, एक, शून्य, पाच, दोन."

"सोळा पॉइंट आठ एक शून्य पाच दोन. पुढं?"

"चौऱ्याहत्तर पॉइंट, एक, शून्य, नऊ, सहा, चार. आत्ता दोन वाजून दहा मिनिटं झालीत. आम्ही सहाजण, जागेवरच थांबतोय."

यातली शेवटची दोन वाक्यं आकड्यांइतकीच मोलाची आहेत. वेळ नसलेली जागा शिळी असते, आणि जागा कळवून चालत सुटलेला माणूस सापडत नाही.

नेटवर्क अगदी क्षीण असेल तर नकाशाची लिंक पाठवत बसू नये, साधा एसएमएस करावा. त्याला फार थोडा सिग्नल पुरतो आणि इंटरनेट लागत नाही. यातही एक बारकावा आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत एक अक्षर आलं तरी मर्यादा ७० वर येते आणि संदेश तुकड्यांत जातो. अक्षांश-रेखांश देवनागरी आकड्यांत लिहिले तर काही नकाशांना ते ओळखताही येत नाहीत. मराठीवर कितीही जीव असला तरी हे दोन आकडे मात्र इंग्रजीत टाइप करावेत. व्हॉट्सॲपवरची लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, एक तास किंवा आठ तास चालते, पण पाठवणाऱ्याचं इंटरनेट चालू असेल तरच ती पुढं सरकते. ठिपका तासभर एका जागी थांबलेला दिसला तर माणूस थांबलाय की नेटवर्क गेलंय हे ठिपक्याखालची शेवटची वेळ बघून ठरवावं.

टपाल खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणला. देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचं नाव दिलं. अक्षांश-रेखांशावरूनच तो गणितानं निघतो. वाडीवस्तीवरच्या घराला, जिथं पत्ता म्हणजे "पाटलाच्या विहिरीच्या खालच्या अंगाला", तिथं ही दहा अक्षर-अंकं फार उपयोगी पडतील असं मला वाटतं.

हातातल्या खास यंत्रांची वाटून घ्यायची रीत वेगळी. त्यांत एकेक खूण साठवता येते आणि चाललेली सगळी वाट ठिपक्या-ठिपक्यांनी नोंदली जाते. ती नोंद जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये उतरते. ही फाइल कुठल्याही कंपनीच्या यंत्रात आणि जवळजवळ प्रत्येक नकाशाच्या ॲपमध्ये उघडते. गेल्या वर्षीच्या म्होरक्यानं पांढरेपाणीमार्गे नोंदवलेली वाट या वर्षीच्या पोरांच्या फोनमध्ये असली, तर धुक्यातही आपण वाटेवर आहोत की बाजूला गेलोय हे कळतं, नेटवर्क असो वा नसो. पण ती वाट उन्हाळ्यात नोंदवलेली असेल तर त्यातला ओढा जुलैत कंबरभर असेल, हे फाइल सांगत नाही.

परदेशातली काही यंत्रं उपग्रहामार्फत संदेशही पाठवतात. ती जीपीएसच्या उपग्रहांकडं नव्हे, संपर्काच्या वेगळ्या उपग्रहांकडं बोलतात. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे. विमानतळांवर परदेशी गिर्यारोहकांना याच कारणावरून अडवलं गेलंय. परदेशातल्या नातेवाइकांनी हौसेनं पाठवलेलं यंत्र सॅकमध्ये टाकण्याआधी ते नुसतं ऐकणारं आहे की बोलणारंही, ते बघून घ्यावं.

एक गोष्ट न कळत वाटली जाते. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत, सेटिंग चालू असेल तर, जागेचे आकडे लपलेले असतात. मूळ फाइल जशीच्या तशी पुढं गेली की तेही जातात. राधानगरीच्या बाजूला एखादं घरटं किंवा पठारावरचं दुर्मीळ फूल टिपलं असेल तर फोटो पाठवण्याआधी ते आकडे काढून टाका.

आणि शेवटी पूर. २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा महामार्ग बंद पडला. पुरात आपली पहिली बाजू शाबूत असते. गच्चीवर आकाश मोकळं, जीपीएस उत्तम चालतो. बंद पडते ती दुसरी बाजू. वीज जाते, टॉवर बसतात, फोनची बॅटरी उतरते. प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत घर असेल, तर नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीला येते तेव्हाच घराच्या गच्चीचे आकडे काढून बाहेरगावच्या दोन नातेवाइकांना एसएमएस करून ठेवावेत. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नये. बोट घेऊन येणाऱ्याला पाण्याखाली गेलेला रस्ता दिसत नसतो. "मारुतीच्या देवळाला वळसा घालून" हा पत्ता त्याला कळत नाही, कारण देऊळही पाण्यात असतं. त्याला आकडे हवे असतात, आणि गच्चीवर माणसं किती, म्हातारी किंवा आजारी किती, विजेच्या तारा कुठल्या बाजूनं जातात, बोट कुठल्या अंगानं लागेल, हे. आकडे काढताना, जिथं बोट लागेल, गच्चीच्या त्याच कडेला उभं राहून काढावेत, पडद्यावरची अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबावं, आणि ते कागदावर पेन्सिलीनं लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावेत, कारण फोन बंद पडल्यावर शेजारच्या फोनवरून सांगायला तेच कामी येतात.